पट्टी नसलेल्या कुंड्या

भाद्रपद अर्धा सरला की आमच्या सोसायटीतल्या लोकांना अचानक बागेची काळजी वाटू लागते. पावसाने माती धुऊन निघालेली असते, तगरीची पानं पिवळी पडायला लागतात आणि कमिटीतलं कुणीतरी माळ्याला हाक मारून सांगतं, "जरा खत टाक रे." मग माळी घमेल्यातून पांढरे दाणे मुठीमुठीने उधळत फिरतो. काल सकाळी सानपाड्याच्या या घराच्या खिडकीतून मी ते बघत उभी होते. साबुदाण्याहून बारीक, गोल दाणे. ओल्या मातीवर पडले की बघता बघता विरघळतात. हातातला चहा गार झाला. युरियाचे दाणे दिसले की माझं हातातलं काम अजून तसंच राहतं, आणि हे सांगणारी बाई जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाली आहे.

हा ऋतू तसा कुणाच्या खिजगणतीत नसतो. गणपती गेलेले, नवरात्र यायचं. पाऊस धड पडत नाही, धड थांबत नाही. दुपारी ऊन असं चिकटतं की नको होतं. कावळे मात्र माजलेले असतात, कारण पितरांचा पंधरवडा. आमच्याकडे या दिवसांत नवं काही घेत नाहीत, मंगल काही करत नाहीत. माझ्या आयुष्यातलं जे एक मोठं नुकसान झालं, ते याच पंधरवड्यात झालं. बरीच वर्षं मला वाटत होतं की ते नुकसान प्रयोगाचं होतं.

नव्वदीचं दशक नुकतं लागलं होतं. मी कराडहून आलेली, सत्तावीस वर्षांची, वाशीच्या एका कॉलेजात अर्धवेळ शिकवणारी आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करणारी मुलगी. मामा मस्कतला होता. त्याने नेरुळला फ्लॅट घेऊन ठेवला होता, तो मला राहायला दिला. चार मजल्यांची इमारत, सोळा घरं, त्यातली पाचच भरलेली. संध्याकाळी जिन्यात दिवा लागायचा तो माझ्याच पावलांसाठी, असं वाटायचं. रस्ते रुंद, सरळ, नकाशावरून उचलून ठेवल्यासारखे, आणि त्यांवर माणूस नाही. वाण्याकडे गेले की तो बोलेल म्हणून मी मुद्दाम एकेक वस्तू आठवत आठवत मागायची. शनिवारी कॉलेज सुटलं की सोमवारपर्यंत माझ्या तोंडून चार वाक्यं निघाली तर खूप. एकदा सोमवारी वर्गात हजेरी घेताना माझा आवाज मलाच परका वाटला होता.

माझा विषय होता झाडाच्या मुळात राहणारी बुरशी. बुरशी म्हटलं की लोकांना लोणच्यावरची आठवते. ही तशी नव्हे. झाड हवेतला कर्ब घेऊन पानांत साखर बनवतं, हे शाळेत सगळेच शिकतात. पण त्या कमाईतला चांगला मोठा वाटा ते खाली मुळांकडे धाडतं आणि तिथे घर करून राहिलेल्या या बुरशीला देतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. बुरशीला स्वतःला साखर करता येत नाही. ती आपले केसाहून बारीक धागे मुळांच्या कितीतरी पलीकडे मातीत पसरते, तिथलं नत्र, स्फुरद, पाणी गोळा करते आणि झाडाला आणून देते. त्यातही गंमत अशी, की नत्र नुसतं साठवून चालत नाही. ते कर्बाच्या सांगाड्यावर चढवावं लागतं, तेव्हा कुठे ते कामाचं होतं. म्हणजे झाडाने दिलेल्या साखरेशिवाय बुरशीला नत्र पेलत नाही, आणि बुरशीने आणलेल्या नत्राशिवाय झाडाच्या पानाला हिरवेपण येत नाही.

हे मोजायचं कसं? तर जांभळाची साठ रोपं. साऱ्यांची माती उकळून निर्जीव केलेली. त्यातल्या तीस कुंड्यांत बुरशी सोडायची, तीस तशाच ठेवायच्या. बुरशीवाल्यांवर मी निळ्या रंगाची पट्टी ओढली होती. बाकीच्यांवर काही नाही. दोघांच्या पानांतलं नत्र आणि मुळांतली साखर मोजायची, आणि फरक काढायचा. पट्टी नसलेल्या कुंड्या तुलनेसाठी. त्या उपाशी राहतील तेव्हाच बुरशीने काय दिलं ते कळणार.

डिपार्टमेंटला काचघर नव्हतं, म्हणून कुंड्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर ठेवल्या. बांबू रोवून वर पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर केलं. माती कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या कुकरात उकळायची, पिशव्यांत भरायची आणि बसने नेरुळला आणायची. कंडक्टर रोज विचारायचा, "मॅडम, आज काय?" मी म्हणायची, "मातीच." फोनच्या बूथवरून आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माती उकळून ठेवतेस, स्वतःसाठी वरण-भाताचा कुकर लावतेस की नाही?" मी खोटं बोलले.

चांगुणामावशी मला गच्चीवरच भेटल्या. इमारतीचा जिना आणि गच्ची झाडायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि गच्चीची किल्ली त्यांच्या कमरेला. साठीच्या, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. राहायच्या शिरवणे गावात, दहा मिनिटांच्या वाटेवर. घरी दोन मुलगे, सुना, तीन मजली नवं घर. मुलगे चिडायचे, आई दुसऱ्यांचे जिने झाडते म्हणून. त्या ऐकायच्या नाहीत. का, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. झाडू कठड्याला टेकवून त्या खाली बोट दाखवत म्हणाल्या, "ह्या बिल्डिंगखाली माजा भात होता. तुज्या किचनमदी माजा बांध येतो बग. आन तो पानीवाला पंप हाय ना, तिथं आमी जेवायला बसायचो." त्या झाडायला नाही, आपल्या शेतात यायच्या.

उकळलेली माती बघून त्यांनी नाक मुरडलं. मी सांगितलं, हिच्यातलं सगळं जिवंत मारून टाकलंय. "मातीचा मुडदा केलास गो," त्या म्हणाल्या. मग बुरशी आणायची कुठून, यावर आमचं बोलणं झालं. मला जुन्या जांभळाखालची माती हवी होती. त्यांना त्यात नवल काही वाटलं नाही. "मंग काय! रोप हलवलं की आयशीच्या बुडातली मूठभर माती संगती घ्यायची. नायतं रोप जीव धरत नाय. माज्या सासूनं सांगितलेलं." शिरवण्याच्या तळ्याकाठी जुनं जांभूळ होतं, तिथली माती त्यांनी स्वतः पदरात आणून दिली. माझ्या पीएच.डी.च्या सरांनी परदेशी नियतकालिकं चाळून जे मला शिकवलं होतं, ते यांच्या सासूने पदरात बांधून दिलेलं. मी वहीत लिहिलं: स्थानिक माती, शिरवणे. मावशींचं नाव लिहायचं मला सुचलंही नाही.

एकदा मी कॉलेजातला सूक्ष्मदर्शक सुटीसाठी घरी आणला होता. मुळं कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात उकळून निळ्या रंगात बुडवली की आतली बुरशी दिसते. मुळाच्या एकेका पेशीत ती शिरते आणि तिथे फांद्या फुटत फुटत एक इवलंसं झाडच काढते. देवाणघेवाण होते ती तिथे. मावशींनी एक डोळा घट्ट मिटून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "ह्ये तं झारात झार हाय." मी इतकी हसले. त्या घरात मोठ्याने हसण्याचा तो बहुधा पहिला आवाज असेल.

त्यांनी विचारलं, कोण कुणाला काय देतं. मी सगळं सांगितलं. त्या बांध मोजावा तशा कुंड्यांच्या रांगांवरून नजर फिरवत ऐकत होत्या. "म्हंजी पट्टीवाल्यांना ती बुरशी देते," त्यांनी पक्कं करून घेतलं. मी म्हटलं, "बरोबर. पण खत घातलं ना मावशी, की झाड बुरशीला साखर द्यायला हात आखडतं." यावर त्या फिसकन हसल्या. "पोट भरल्यावर शेजारीन कशाला आठवल?"

डब्याचं केव्हा सुरू झालं ते नीट आठवत नाही. एक दिवस त्यांनी कडीचा छोटा स्टीलचा डबा माझ्या दारात ठेवला. झाकणावर ठिपक्यांनी कोरलेलं होतं, 'सौ. चांगुणा'. नवरा जाऊन बारा वर्षं झाली तरी त्या झाकणावर त्या सौभाग्यवती होत्या. आत तांदळाची भाकरी आणि वाळवलेल्या कोळंबीची सुकट. मी देशावरची. सुकटीच्या वासाने आधी दार उघडं ठेवून बसले, मग खाल्लं, मग बोटं चाटली. डबा परत करायचा तर रिकामा कसा द्यायचा? दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हे आमच्या घरी नियमासारखं. मी कराडहून आणलेली शेंगदाण्याची चटणी भरून दिली. मग तो डबा आमच्यात फिरतच राहिला. त्यांचं काही येई, माझं काही जाई. पुढे पुढे मी चटणी संपेल म्हणून स्वतः खायचं कमी केलं. शनिवार-सोमवारातला तो मुका काळ त्या डब्याने भरून काढला होता, हे मला तेव्हा कळलं नाही. सवय झाली की कळत नाही.

आणि मग तो पंधरवडा. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं, वर्षश्राद्धाला कराडला जायचं होतं. निघायच्या दिवशी मावशींनी वाटेत खायला म्हणून डब्यात भाकऱ्या दिल्या. "रोपांना पानी मी घालते, तू बिनघोर जा." मी मापाचं भांडं दाखवलं, किती घालायचं ते सांगितलं. पट्टी नसलेली रोपं तेव्हा ठरल्याप्रमाणे पिवळी पडत चालली होती. महिन्याभरात पानं तोडून तपासायची, की काम फत्ते. चार दिवसांसाठी गेले, पण आईला ताप आला आणि बारा दिवस झाले. बाबांच्या खोलीत त्यांचा चष्मा तसाच होता. तो उचलून कुठे ठेवायचा हे आम्हाला कुणालाच ठरवता आलं नाही, म्हणून पुन्हा तिथेच ठेवला. निघताना आईने मावशींचा डबा चटणीने गच्च भरला, वर झाकणाला फडकं बांधलं.

नेरुळला आले ती बॅग खांद्यावर तशीच घेऊन आधी गच्चीवर गेले. मावशी तिथेच होत्या, कठड्यावर कावळ्याचं पान ठेवून पाणी फिरवत होत्या. मला बघून तोंडभर हसल्या. आणि मी पाहिलं, सगळी रोपं हिरवी होती. साठच्या साठ. क्षणभर मलाही बरं वाटलं, ते मी नाकारत नाही. मग पट्टी नसलेल्या रांगेजवळ वाकले. एका कुंडीच्या काठाला दोन पांढरे दाणे चिकटून होते.

"मावशी, ह्यांना काय घातलंत?"

"युरिया. चिमूट चिमूट. जास्ती नाय. माज्या माहेरी अजून शेती हाय, तिथनं आनला."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुनी नाय. तूच बोल्लीस ना, पट्टीवाल्यांना ती बुरशी देते म्हनून. मंग ह्यांना कोन देनार? पट्टीवाल्यांना मी हात नाय लावला." त्या अगदी सरळ बोलत होत्या, हिशेब जुळल्यासारख्या. "आन बाय, पितरांचे दिवस. भातसुद्दा पोटरीला येतो, पोटात लोंबी धरतो ह्या दिसांत, त्याला आमी उपाशी ठेवत नाय. दारची रोपां कशी ठेवायची?"

"ती उपाशीच राहायला हवी होती! त्यासाठीच ठेवली होती ती!"

मावशींच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यांनी एकदा कुंड्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मुद्दाम?" त्यांनी विचारलं. "मुद्दाम उपाशी ठेवलीस?"

याला माझ्याकडे शास्त्रीय उत्तर होतं. ते मी दिलं नाही. दोन वर्षं गेली, पुढच्या मार्चला शिष्यवृत्ती संपते, सर काय म्हणतील, असलं काहीबाही ओरडले. आणि शेवटी म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं ते. उद्यापासून गच्चीवर येऊ नका."

ज्या बाईचा बांध माझ्या स्वयंपाकघरातून जात होता, तिला मी हे सांगितलं.

मावशींनी तांब्या खाली ठेवला. कमरेची किल्ली सोडली, माझ्या हातात दिली, "बरं" म्हणाल्या आणि जिना उतरल्या. कावळ्याचं पान तिथेच होतं. माझ्या खांद्यावरच्या बॅगेत चटणीचा डबा होता. तो काढून द्यायलाही मी हात हलवला नाही.

सर शांत होते. "तुलनेच्या कुंड्या गेल्या म्हणजे प्रयोग गेला. पुन्हा लावा," एवढंच म्हणाले. शिष्यवृत्ती संपली ती संपली, कॉलेजात जास्तीचे तास घेतले आणि पुढच्या वर्षी साठ कुंड्या पुन्हा लावल्या. प्रयोग उत्तम झाला. पट्टी नसलेली रोपं व्यवस्थित उपाशी राहिली. मला पदवी मिळाली, पुढे कायमची नोकरी मिळाली, सानपाड्याचं हे घर झालं. लग्न झालं नाही, त्याची कारणं वेगळी आणि कंटाळवाणी आहेत. पण दुसऱ्या वर्षीच्या त्या गच्चीवर कुलूप काढून मी एकटी पाणी घालायची, मापाच्या भांड्याने, आणि बोलायला कुणी नसायचं. जिना झाडायला दुसरी बाई आली होती. ती चांगली होती. माझ्याशी बोलायचं तिला काही कारण नव्हतं.

डबा? तो आठवडाभर बॅगेतच होता. द्यायला जावं असं रोज वाटायचं. शिरवणं दहा मिनिटांवर. पण लाज वाटायची, आणि लाजेवर दिवस गेले की तिचा दगड होतो. मग एका रविवारी भूक लागली, घरात काही नव्हतं, आणि मी चटणी काढून भाताबरोबर खाल्ली. महिन्याभरात संपवली. आता डबा रिकामा झाला, आणि रिकामा डबा तर परत देता येत नाही. बघा कसं छान कारण सापडलं मला. ते मी तीसहून अधिक वर्षं वापरलं.

मुलांना शिकवताना मी एक गोष्ट हमखास सांगायची. मुळाच्या पेशीतलं ते बुरशीचं इवलं झाड फार तर आठ-दहा दिवस जगतं. मग विरघळून जातं. नातं टिकतं ते दुसऱ्या पेशीत दुसरं झाड फुटतं म्हणून, पुन्हा पुन्हा. हे फळ्यावर काढताना दरवर्षी खडू थोडा थांबायचा. मुलांना वाटायचं, मॅडम आठवताहेत.

काल माळी निघून गेल्यावर मी शेंगदाणे भाजले. चटणी कुटली, आईच्या मापाने लसूण घालून. पोटमाळ्यावरून डबा काढला, चिंचेने घासला. ठिपक्यांची अक्षरं झिजली आहेत, पण बोटांना लागतात. रिक्षाने शिरवण्याला गेले. तळ्याजवळ उतरून घर विचारलं. दार उघडलं ते साठीच्या बाईने, केस पांढरे, हाताला पीठ. मावशींची धाकटी सून. मी काही बोलायच्या आधी तिची नजर डब्यावर गेली.

"ह्यो आमच्या आईचा," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तुमी कराडच्या बाय का? गच्चीवाल्या?"

मावशी गेल्याला चार वर्षं झाली होती. आतल्या भिंतीवर फोटो होता, हार ताजा. मी खाली बसले. तिने पाणी दिलं. मला जे म्हणायचं होतं ते मी म्हटलं, की मी त्यांना फार वाईट बोलले होते, त्यांच्याच जमिनीवर.

"आई तसं काय नाय बोलायची," सून म्हणाली. "आई बोलायची, त्या पोरीची परीक्षा मी बुडवली. दोनदा दुसरा डबा घेऊन तुमच्या खालपर्यंत आल्ती. मीच होते ना संगती. खालून बगितलं, तुमच्या घरात लाइट होती. तरी वर नाय गेली. बोल्ली, कुठल्या तोंडाने जाऊ?"

माझ्या घरातला दिवा. मी त्या दिव्याखाली बसून चटणी-भात खात असेन. वर लाज, खाली लाज, मध्ये तीन जिने.

मी रडले. तिने रडू दिलं. बाकी तिने काही विचारलं नाही. मी उठले तेव्हा ती म्हणाली, "थांबा," आणि डबा घेऊन आत गेली. चटणी काढून घेतल्याचा, डबा विसळल्याचा, झाकण लावल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिने तो माझ्या हातात दिला. जड होता, गरम होता.

"अहो, हा तुमचा डबा आहे. द्यायलाच आले होते."

"हां, पन रिकामा कसा ठेवून घेनार?" ती म्हणाली. "भाकरी हाय, सुकट हाय. घरी एकटंच असाल ना?"

काल मी दार उघडं न ठेवता जेवले. आता डबा घासून ओट्यावर पालथा घातला आहे. तो परत द्यायला हवा. शेंगदाणे कालच संपले, म्हणून आधी वाण्याकडे जाऊन येते.